मास्क होता का, हे नंतर विचारा

पावसाळा सरत आला की कपाशीवर फवारणीचा जोर वाढतो आणि विदर्भातल्या सरकारी रुग्णालयांत उलट्या करणारी, डोळ्यांपुढे अंधारी आलेली, घामाने निथळणारी माणसे येऊ लागतात. त्यातले कुणी दगावले की बातमी येते, आणि बातमीच्या पाठोपाठ ठरलेला खुलासा येतो. मजुराने मास्क लावला नव्हता. हातमोजे घातले नव्हते. वाऱ्याच्या उलट दिशेने फवारत होता. मध्येच तंबाखू मळून खाल्ली. कंपनीचा प्रतिनिधी हे सांगतो, खात्याचे पत्रक हेच सांगते, आणि आम्हा डॉक्टरांपैकीही बरेचजण चहा पिता पिता याच सुरात बोलतात.

खुलासा अगदीच खोटा नसतो, म्हणून तर तो वर्षानुवर्षे टिकला. पण विचारायचे ते त्यात विचारलेलेच नसते. माणूस दवाखान्याच्या दारात किती वाजता पोहोचला? कोणत्या डॉक्टरने काय ओळखले? अ‍ॅट्रोपिनची पहिली सुई कधी गेली, एकूण किती गेले? व्हेंटिलेटर मिळाला का? कीटकनाशकाची विषबाधा म्हणजे काही दैवी कोप नव्हे. बहुतेक रुग्ण वेळेत ओळखले आणि नीट उपचार मिळाले तर वाचतात. निष्काळजीपणाची ही सगळी चर्चा उपचारातली हयगय आणि बाजारात काय विकू दिले जाते हा प्रश्न, दोन्ही एकदम झाकून टाकते. माझा आक्षेप त्याला आहे.

२०१७ सालचे यवतमाळ आठवा. जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत त्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक माणसे मेली आणि ८०० च्या आसपास रुग्णालयांत दाखल झाली. सरकारने विशेष तपास पथक नेमले, मृतांच्या वारसांना दोन लाख रुपये जाहीर केले आणि यवतमाळसह आसपासच्या जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांवर ६० दिवसांची बंदी घातली. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती. फवाऱ्याची कांडी वर धरून मारायची, म्हणजे तुषार पानावर पडतात तितकेच मारणाऱ्याच्या तोंडावर, मानेवर, छातीवर उतरतात. तरी चर्चा फिरून फिरून मास्कपाशीच आली.

मास्कचेच आधी पाहू. फवारणाऱ्याच्या अंगात कीटकनाशक शिरते ते मुख्यतः कातडीतून. पाठीवरचा पंप झाकणाजवळ गळतो, सदरा पाठीला चिकटतो, ओल्या झाडांतून चालताना पायजमा मांड्यांपर्यंत भिजतो. तळहाताची कातडी जाड असते, पण काख, जांघ आणि डोक्याची कातडी यांतून विष कितीतरी पटीने जास्त शोषले जाते, आणि दमट उकाड्यात घामेजलेल्या अंगातून आणखी जास्त. तोंडाला बांधलेला रुमाल यापुढे काय करणार? उलट तो भिजला की विषाची पट्टी बनून नाकाला चिकटून बसतो. खरे संरक्षण हवे तर डोक्यापासून पायापर्यंत पाणी न शिरणारा पोशाख हवा. तो चढवून सप्टेंबरातल्या उन्हात, ढोपरभर चिखलात, पंपामागे मजुरी घेणाऱ्या माणसाने दिवसभर काम करून दाखवावे, असे म्हणणाऱ्यांनी एकदा स्वतः तासभर करून पाहावे.

हे मी वैतागून म्हणत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या आचारसंहितेतच हा मुद्दा आहे: ज्या कीटकनाशकांसाठी अवघड, महागडी किंवा सहज न मिळणारी संरक्षक साधने लागतात, ती उष्ण हवामानातल्या छोट्या शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या हाती देणे टाळावे. म्हणजे पोशाख वापरणे शक्य नसेल तर दोष पोशाख न घालणाऱ्याचा नसून ते रसायन तिथे विकू देणाऱ्याचा, हे तत्त्व जागतिक पातळीवर कागदावर मान्य झालेले आहे. आपल्याकडे पत्रके निघतात ती मात्र गॉगल आणि गमबूट घातलेल्या हसऱ्या शेतकऱ्याच्या चित्राची.

आता दवाखान्यात शिरू. इथला आवडता बचाव असा की रक्ताचा रिपोर्ट नाही, तर विषबाधा म्हणायचे कशाच्या आधारावर? ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशके, म्हणजे मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरिफॉस ही मंडळी, शरीरातल्या कोलिनेस्टरेज नावाच्या विकराला निकामी करतात. मज्जातंतूंचा संदेश पोहोचवून झाल्यावर अ‍ॅसिटिलकोलिन हे द्रव्य मोडून टाकायचे काम या विकराचे. तो बंद पडला की संदेश थांबतच नाही, आणि ग्रंथी, आतडी, श्वासनलिका, स्नायू सगळे एकदम चेकाळतात. या विकराची रक्तातली पातळी मोजता येते, आणि ती मोजावी हे खरेच. पण एका माणसाची नेहमीची पातळी दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट असू शकते. कुपोषण, यकृताचा आजार, गर्भारपण यांत ती मुळातच खाली असते. शिवाय पहिला नमुना घेऊन ठेवलेला नसेल तर आजचा आकडा कशाशी ताडून पाहणार? फवारणीचे काम करणाऱ्यांची नियमित वैद्यकीय तपासणी व्हावी, ऑर्गॅनोफॉस्फेट हाताळणाऱ्यांचे कोलिनेस्टरेज मोजावे, असे १९७१ च्या कीटकनाशक नियमांत लिहिलेले आहे. रोजंदारीवर फवारणाऱ्या मजुराचे असे रक्त कुणी काढल्याचे मी तरी ऐकलेले नाही. तपासणी करायची नाही, आणि मग तपासणीचा कागद नाही म्हणून रोगच नाकारायचा, ही सोयीची वाट झाली.

ऑर्गॅनोफॉस्फेटची विषबाधा ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालेली. तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी, अंगाला दरदरून घाम. पोटात कळा, उलटी, कपड्यांतच लघवी-संडास. छातीला कान लावला तर पाणी भरल्यासारखी घरघर. दंडाच्या, मांडीच्या कातडीखाली स्नायू किडे वळवळावेत तसे फडफडतात. कपड्यांना लसणासारखा किंवा रॉकेलसारखा उग्र वास. इतके जमून आले की उपचार सुरू करायचे, रिपोर्ट मागाहून येवो.

फसगत होते ती पुस्तकातले चित्र अर्धेच लक्षात ठेवणाऱ्यांची. नाडी मंद हवी, असे शिकलेले असते. समोरच्याची नाडी मात्र १२० असते, म्हणून डॉक्टर म्हणतो, हे विषाचे नाही, ऊन लागलेय. वास्तविक हेच विष स्नायूंवर आणि दुसऱ्या प्रकारच्या मज्जाकेंद्रांवरही काम करते, आणि तेव्हा नाडी वेगवान, क्वचित बाहुलीही मोठी दिसते. श्वास कमी पडला तरी नाडी धावतेच. उन्हाच्या झटक्यात छाती अशी ओली होत नाही, बाहुली अशी आकसत नाही. कोकणात विंचू चावलेल्या माणसालाही घाम, लाळ, उलट्या होतात आणि तिथेही गल्लत होऊ शकते, पण विंचवाचा दंश रुग्ण स्वतः सांगतो. फवारणीचे मात्र विचारावे लागते: आज काय फवारले, किती पंप मारले, कपडे बदलले का. बाटली किंवा पाकीट घेऊन यायला सांगणे हा या रोगनिदानातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कामाचा उपाय आहे.

ओळखल्यावर पुढचे संकट म्हणजे मात्रेची भीती. ‘अ‍ॅट्रोपिन दिले, तरी वाचला नाही’ हे वाक्य जिथे ऐकाल तिथे लगेच विचारा, किती दिले? आपल्याकडे कुपी मिळते ०.६ मिलिग्रॅमची. दोन कुप्या टोचून अर्धा तास वाट पाहिली, मग आणखी दोन, याला उपचार म्हणत नाहीत. प्रौढ माणसाला सुरुवातच तीन ते पाच कुप्यांनी करायची, लहान मुलाला वजनाच्या दर किलोमागे ०.०५ मिलिग्रॅमने. पाच मिनिटांनी छाती ऐकायची. घरघर तशीच असेल तर आधीच्या दुप्पट. पुन्हा पाच मिनिटे, पुन्हा दुप्पट. पाच, दहा, वीस अशा कुप्या गेल्या तर पंधरा मिनिटांत ३५ कुप्या, म्हणजे २१ मिलिग्रॅम होतात. अनोळखी डोळ्याला हा आकडा वेडेपणाचा वाटतो. या आजारात तो नेहमीचा आहे. छाती कोरडी झाली, नाडी ८० च्या वर आली, वरचा रक्तदाब ८० च्या वर गेला, काखेतला घाम थांबला की तेवढ्यावर थांबायचे, आणि एकूण गेलेल्या मात्रेचा दहा ते वीस टक्के भाग दर तासाला सलाइनमधून चालू ठेवायचा. पहिल्याच दिवशी शंभराच्या पुढे कुप्या लागू शकतात, म्हणून औषधभांडारात डझनभर कुप्या ठेवून ‘साठा उपलब्ध’ असा शेरा मारणाऱ्याने हा गुणाकार एकदा करून पाहावा.

नाडी आधीच वेगवान आहे, मग अ‍ॅट्रोपिन कसे द्यायचे, हा प्रश्नही फार माणसे गमावून बसला आहे. देता येते आणि द्यावेच लागते. लक्ष्य नाडी नव्हे, फुप्फुसे आहेत. ऑक्सिजन लगेच लावावा, पण सिलिंडर येईपर्यंत अ‍ॅट्रोपिन रोखून ठेवू नये. मात्रा जास्त झाली तर रुग्ण बरळू लागतो, अंग तापते, पोटातले आवाज थांबतात, लघवी अडते. तेव्हा सलाइन तासभर थांबवायचे आणि कमी वेगाने पुन्हा सुरू करायचे. याची भीती बाळगणाऱ्यांसाठी बांगलादेशातला एक अभ्यास सांगण्यासारखा आहे. १५६ रुग्णांवरचा हा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. जुन्या रीतीने ठरावीक अंतराने सुया दिलेल्या गटात २२.५ टक्के रुग्ण दगावले. दुप्पट-दुप्पट करत वाढवून मग सलाइनवर ठेवलेल्या गटात ८ टक्के. आणि अ‍ॅट्रोपिन जास्त झाल्याची लक्षणे या दुसऱ्या गटातच कमी होती. औषध तेच आणि किंमतही तीच, फरक फक्त खाटेशेजारी उभे राहून दर पाच मिनिटांनी छाती ऐकण्याचा.

आता पॅम, म्हणजे प्रॅलिडॉक्झाइम. नातेवाइकांना बाहेरून हे महागडे औषध आणायला पाठवायचे आणि ते मिळाले नाही की सगळे खापर त्याच्यावर फोडायचे, हा प्रकार मी पाहिलेला आहे. या औषधावरचा वाद खरा आहे, आणि त्यातले एक महत्त्वाचे पान महाराष्ट्रातलेच आहे. बारामतीच्या एका खासगी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०० रुग्णांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. दोन ग्रॅमने सुरुवात करून पुढे ४८ तास दर तासाला एक ग्रॅम सलाइनमधून दिलेल्या गटात १ टक्का मृत्यू, तर दर चार तासांनी एक ग्रॅम दिलेल्या गटात ८ टक्के. यानंतर २००९ मध्ये श्रीलंकेतल्या अभ्यासात पॅमचा फायदा दिसला नाही, आणि वेल्लोरच्या डॉक्टरांनी तर त्याच्याही आधीपासून शंका घेतल्या होत्या. माझे मत विचाराल तर, रुग्ण लवकर आला आणि अतिदक्षता विभागात असेल तर पॅम भरपूर मात्रेत द्यावे, पण त्याच्या नावाने अ‍ॅट्रोपिनकडे आणि श्वासाकडे दुर्लक्ष होणार असेल तर पॅमची चिठ्ठीच लिहू नये. बारामतीच्या अभ्यासातल्या रुग्णांना अ‍ॅट्रोपिन आणि गरज पडेल तिथे व्हेंटिलेटर मिळत होता, हे पॅमचा हवाला देणारे हटकून विसरतात. एका तालुक्याच्या गावात बसून जगाला शिकवणारा अभ्यास करता येतो, हेही त्यातून दिसते. ग्रामीण डॉक्टरला मुळात जमणारच नाही, या कुत्सितपणाला तेवढे उत्तर पुरे.

सगळी कीटकनाशके एका माळेची नसतात, ही गोष्ट मात्र डॉक्टरांच्या बाजूने सांगायला हवी. २०१७ मध्ये तात्पुरती बंदी आलेली पाच उत्पादने पाहा. मोनोक्रोटोफॉस आणि अ‍ॅसिफेट ऑर्गॅनोफॉस्फेट. प्रोफेनोफॉस त्याच गटातले, पण सायपरमेथ्रिन मिसळून विकले जाणारे. फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिड यांचे मिश्रण अगदी निराळे. त्यातल्या फिप्रोनिलने झटके येतात, आणि त्यावर डायझेपामसारखे औषध लागते, अ‍ॅट्रोपिनचा उपयोग नाही. डायफेंथियुरॉन आणखी वेगळे. ते पेशीतल्या ऊर्जेच्या कारखान्यावर घाला घालते, आणि त्यावर नेमका उतारा नाही. त्याच्या डब्यावरचा त्रिकोण निळा, म्हणजे ‘मध्यम विषारी’. लाल आणि पिवळ्याच्या मानाने निळा बघून मजूर निर्धास्त होतो, यात त्याचा काय दोष? भरीला कृषी केंद्राच्या गल्ल्यावर बसून दोन कीटकनाशके, एक बुरशीनाशक आणि एक टॉनिक एकाच टाकीत कालवायचा सल्ला मिळतो. अशा कालव्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरला दोष देण्याआधी तो कालवा कुणी लिहून दिला ते शोधावे.

‘ते प्यायलाच असेल’ हा तर सगळ्यांत निर्दय बचाव. फवारणीचा मजूर असो की आत्महत्येचा प्रयत्न केलेली सून, रुग्णालयाच्या दारात दोघांची छाती सारखीच भरलेली असते. पोलिसांचा जबाब आधी की सुई आधी, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात देऊन ठेवले आहे: आधी उपचार. आणि प्यायलेल्यांचाच विचार करायचा तर श्रीलंकेकडे पाहा. १९९५ पासून त्यांनी सर्वांत जहाल कीटकनाशके टप्प्याटप्प्याने बंद केली, आणि पुढच्या दोन दशकांत आत्महत्यांचे प्रमाण साधारण ७० टक्क्यांनी घटले. पिके बुडाली नाहीत.

घरगुती उपायांबद्दल थोडक्यात. मिठाचे पाणी, चिंचेचे पाणी, शेणाचे पाणी पाजून उलटी काढू नका. बहुतेक द्रव कीटकनाशकांत पेट्रोलियमजन्य द्रावक असतात, उलटी होताना ते फुप्फुसांत उतरतात आणि दुसराच आजार लावतात. दूध-तुपानेही काही उतरत नाही. कपडे, चपला, कमरेचा पट्टा सगळे काढायचे, केसांसकट अंग साबणाने धुवायचे, एका कुशीवर निजवायचे आणि गाडी काढायची. चामड्याचा पट्टा धुऊन पुन्हा वापरू नये, तो विष धरून ठेवतो.

दोन दिवसांनी माणूस बोलू लागला, जेवला, की नातेवाईक आणि रुग्णालय दोघांनाही घरी जायची घाई होते. १९८७ मध्ये श्रीलंकेतल्याच सेनानायके आणि करालिएड्डे या डॉक्टरांनी वर्णन केलेली एक अवस्था तेव्हाच गाठते. विषबाधेनंतर एक ते चार दिवसांत, पहिली लक्षणे ओसरलेली असताना, मान उचलवेनाशी होते, दंड-मांड्या लुळ्या पडतात आणि मग श्वासाचे स्नायू थकतात. अ‍ॅट्रोपिन यावर चालत नाही, व्हेंटिलेटर चालतो, आणि तो मिळाला तर माणूस एक-दोन आठवड्यांत उठून बसतो. उशीवरून मान उचलून दाखव, एवढी साधी परीक्षा रोज दोनदा घेतली तरी ही अवस्था तास-दोन तास आधी कळते. घरी पाठवलेला रुग्ण चौथ्या दिवशी अंगणात मेला, तर त्याची नोंद ‘हृदयविकार’ अशी होते आणि मास्कचा प्रश्नही कुणी विचारत नाही.

नोंदींचा प्रश्न तसा जुनाच. १९५८ मध्ये केरळात, जहाजावर पॅराथिऑन सांडलेले धान्य खाऊन शंभराहून अधिक माणसे मेली. त्यातून चौकशी आयोग आला आणि पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा. त्याच्या २६ व्या कलमाने राज्य सरकारला अधिकार दिला आहे की विषबाधेची प्रत्येक घटना कळवण्याचे बंधन ते कुणावरही घालू शकते. म्हणजे विषबाधा कळवलीच पाहिजे, अशी सक्ती करायला नवा कायदा लागत नाही. तशी सक्ती झाली आणि प्रत्येक नोंदीत उत्पादनाचे नाव लिहिले, तर कोणत्या रसायनाने कुठे किती माणसे पाडली, याचा हिशेब जिल्ह्याच्या ठिकाणी दर आठवड्याला समोर येईल. मजुराच्या निष्काळजीपणावर पत्रक काढण्यापेक्षा हे काम कंटाळवाणे आहे, हे मान्य.

शेवटचा आक्षेप मी वारंवार ऐकतो: प्राथमिक आरोग्य केंद्रात हे सगळे कसे जमणार, तिथून पुढे पाठवणे एवढेच हातात आहे. पाठवा, जरूर पाठवा, १०८ ला फोन करा. पण पाठवण्यापूर्वी अ‍ॅट्रोपिन सुरू करा, घसा सक्शनने साफ करा, आणि गाडीत छाती ऐकत राहणारा माणूस आणि पुरतील इतक्या कुप्या द्या, कारण वणी किंवा झरी-जामणीकडून यवतमाळला पोहोचेपर्यंत पहिली मात्रा उतरून गेलेली असते. चिठ्ठीवर ‘अज्ञात विष, पुढील उपचारासाठी’ एवढेच न लिहिता बाटलीवरचे नाव लिहा, अ‍ॅट्रोपिन किती मिलिग्रॅम गेले ते लिहा, आणि शेवटची सुई किती वाजता दिली तेही.